कहाणी सुफळ संपूर्ण कोणी करायची?

१९७४ च्या मार्चमध्ये जपानमधल्या तिसरीच्या मुलांच्या एका मासिकात डोरेमॉन हा भविष्यातून आलेला यंत्रमांजर आपल्या सोबत्याला, नोबिता या शाळकरी मुलाला, सोडून गेला. त्याला भविष्यकाळात परतायचं होतं, पण आपल्यामागं या मुलाचं कसं होणार या काळजीनं त्याचा पाय निघत नव्हता. म्हणून त्या रात्री नोबिता दांडगट जियानशी एकटा भिडतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला धरतो, आणि शेवटी जियानच थकून हार मानतो. सकाळ होते तेव्हा डोरेमॉन खोलीत नसतो. जपानमध्ये शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. एप्रिलमध्ये तीच मुलं चौथीत गेली आणि चौथीच्या मासिकात डोरेमॉन परत आला. डोरेमॉनचे कर्ते फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये वारले, तरी ती गोष्ट अजून चालूच आहे.

आपल्याकडे डोरेमॉन २००५ पासून टीव्हीवर हिंदीत बोलू लागला आणि कित्येक मराठी घरांतल्या मुलांचं हिंदी त्याच्याच बोटाला धरून वाढलं. माझी भाची चौथीत असताना एकदा रडवेल्या आवाजात विचारत होती, “मामा, नोबिता खरंच कोमात असतो का गं... म्हणजे, का रे?” शाळेत कोणीतरी तिला सांगितलं होतं की डोरेमॉन वगैरे काही नसतंच, आजारी नोबिताला पडलेलं ते स्वप्न आहे. ही अफवा जपानमध्येही फिरली आणि आपल्याकडेही. तिला मी समजावलं, पण ती अफवा माझ्या डोक्यातून गेली नाही. इतक्या लांबच्या दोन देशांतल्या मुलांना तोच खोटा शेवट का लागावा? माझी आजी श्रावणात कहाणी वाचायची, तेव्हा “ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण” हे कानावर पडल्याखेरीज आम्ही पोरं जागची हलत नसू. मोठ्यांनी शेवट दिला नाही, तर मुलं स्वतः एक तयार करतात, आणि तो बहुधा भयंकर असतो.

शेवटांबद्दल लिहायचं म्हणजे शेवट सांगावे लागणार. ज्यांना एखादी मालिका अजून बघायची आहे, त्यांनी तिचं नाव दिसताच तो परिच्छेद सोडावा.

अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका) बघणाऱ्यांत एक मत पक्कं रुजलेलं आहे: जपानी मालिका संपतात, अमेरिकन कार्टून चालत राहतं. पुरावा म्हणून ‘द सिम्पसन्स’कडे बोट दाखवलं जातं. १९८९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या त्या मालिकेतला बार्ट आजही दहा वर्षांचा आहे. पण मग ‘साझाए-सान’चं काय? ती १९६९ पासून जपानमध्ये चालू आहे आणि तिच्याही घरात कोणी म्हातारं होत नाही. अशा मालिका म्हणजे रोजचा वरणभात. त्यांनी शेवटाचं वचन कधी दिलंच नाही, तेव्हा ते मोडल्याचा आरोपही त्यांच्यावर करता येत नाही. माझं भांडण आहे ते दुसऱ्या जातीच्या गोष्टींबद्दल. पहिल्याच भागात नायकापुढं एक काम ठेवलं जातं आणि तो ते पुरं करील असं सांगून आपल्याला बसवून घेतलं जातं. तिथं शेवट हे प्रेक्षकाचं येणं असतं.

हे येणं जपानमध्ये जास्त वेळा चुकतं केलं जातं हे खरं. त्याचं श्रेय कोणी जपानी मनाला देतं, कोणी क्षणभंगुरतेच्या तत्त्वज्ञानाला, कोणी चेरीच्या फुलांना. मला ते पटत नाही. मला कारण बरंच साधं दिसतं. जपानमधली पुष्कळशी अ‍ॅनिमे मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथांवरून, होतात आणि मांगा हे एका नावाचं, एका हाताचं काम असतं. त्या माणसाला गोष्ट कुठं न्यायची हे ठाऊक असतं, निदान ते ठरवायचा अधिकार त्याचा असतो. अमेरिकेत मालिका वाहिनीची किंवा स्टुडिओची असते. तिचा निर्माता कितीही प्रतिभावान असला, तरी पुढचा सीझन मिळेल की नाही याची वाट बघत तो लिहीत असतो.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. हिरोमु अराकावा यांची मांगा २००१ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये बोन्स स्टुडिओनं तिच्यावरून मालिका काढली तेव्हा मूळ गोष्ट अर्ध्यावरही आली नव्हती. स्टुडिओनं स्वतःचा शेवट रचला आणि एकावन्न भागांनंतर दोन भाऊ दोन वेगळ्या जगांत अडकून पडले. तो शेवट वाईट नव्हता, पण तो गोष्टीच्या पोटातून आलेला नव्हता. मग २००९ मध्ये त्याच स्टुडिओनं तीच गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतली, या वेळी मूळ मांगाला धरून. चौसष्ट भाग झाले. अराकावांचं शेवटचं प्रकरण जून २०१० मध्ये छापून आलं आणि मालिकेचा शेवटचा भाग ४ जुलैला लागला. लेखिकेनं गोष्ट संपवली आणि महिन्याच्या आत पडद्यावरही ती संपली. एका गोष्टीचा शेवट नीट व्हावा म्हणून सगळी मालिका दुसऱ्यांदा काढणं अमेरिकन टीव्हीवर कोणी मंजूर केलं असतं असं मला वाटत नाही.

अमेरिकेतली व्यवस्था तर अनेक वर्षं शेवटाच्या उलट दिशेनं चालत होती. कार्टून सोमवार ते शुक्रवार रोज लागायचं, तेरा आठवडे पुरायला हवं, म्हणून पासष्ट भाग हा आकडा तिथल्या धंद्यात बसला होता. ते भाग नंतर कोणत्याही क्रमानं दाखवता यायला हवेत. म्हणजे सोमवारी जे मोडलं ते मंगळवारी जोडलेलं पाहिजे. अशा ठिकाणी शेवट ही अडचणच, कारण शेवट आला की त्याच्या आधीचं आणि नंतरचं असे दोन भाग पडतात.

आणि याच व्यवस्थेत ‘सामुराई जॅक’ जन्माला आला. गेंडी टार्टाकोव्हस्कीनं २००१ मध्ये सुरू केलेली ही मालिका. अकू नावाचा राक्षस एका सामुराईला भविष्यात फेकतो आणि तिथून परतून अकूला मारणं हे त्याचं एकच काम. दर भागाच्या सुरुवातीला अकू स्वतःच ही गोष्ट आपल्याला सांगायचा. बावन्न भाग झाले, २००४ उजाडलं आणि मालिका थांबली. जॅक जिथं होता तिथंच, वाटेवर. पुढचे दहा भाग यायला २०१७ साल उजाडलं. त्या दहा भागांत टार्टाकोव्हस्कीनं एक विलक्षण गोष्ट केली: हा सगळा उशीर त्यानं गोष्टीतच घेतला. पन्नास वर्षं लोटली आहेत, जॅकचं वय वाढत नाही, तलवार हरवली आहे आणि आता त्याला आपण परतू असं वाटेनासं झालं आहे. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा जॅकच्या थकव्यात मला आम्हा प्रेक्षकांचाच थकवा दिसला. शेवटी तो परततो, अकूला मारतो. पण त्याची प्रेयसी आशी, जिच्या शक्तीनं तो परतला, ती अकूचीच मुलगी. अकू नाही तर तीही नाही. लग्नाच्या मांडवात ती त्याच्या हातांत विरून जाते.

हा शेवट थोर आहे आणि तरीही तो उशिरा मिळाल्याचं दुःख माझ्या मनातून जात नाही. कारण अकूला आवाज देणारे माको २००६ मध्ये गेले. नव्या भागांत ते काम ग्रेग बाल्डविन यांनी केलं, निष्ठेनं केलं, पण बावन्न भाग ज्या आवाजानं जॅकला हिणवलं, तो आवाज पराभवाच्या वेळी हजर नव्हता. शेवटच्या भागात माकोंच्या आवाजातली जुनी प्रस्तावना पुन्हा वाजते आणि अंगावर काटा येतो. तेवढंच काय ते त्यांच्या वाट्याला आलं. शेवट पुढं ढकलला की माणसं मधेच जातात, हे हिशेब करणाऱ्यांच्या वहीत कुठंच येत नाही.

माको यांचाच आवाज ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मधल्या इरोह काकांनाही होता. ही मालिका म्हणजे माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू. निकलोडियनवर २००५ ते २००८ या काळात ती चालली. एकसष्ट भाग, तीन खंड, आणि शेवट निर्मात्यांना हवा तसा. तिची तुलना मला ‘फुलमेटल’शी करावीशी वाटते, कारण दोन्हींत एका पोरापुढं नैतिक पेच आहे आणि दोन्हींची उत्तरं निराळी आहेत.

आंग हा बारा वर्षांचा भिक्षू. त्याच्या जमातीत जीव घेणं वर्ज्य आहे आणि ती जमात संपली आहे. जगात आता तो एकटाच ती शिकवण पाळणारा. त्याला अग्निसम्राट ओझाईला थांबवायचं आहे. तो आपल्या पूर्वीच्या अवतारांना विचारतो. सगळे कर्तव्याकडे बोट दाखवतात. यांगचेन ही त्याच्याच जमातीतली. तीही सांगते की जगासाठी स्वतःची साधना बाजूला ठेवावी लागते. इथं मालिका अशा जागी येऊन उभी राहते जिथून सोपी वाट नाही. आणि तेवढ्यात समुद्रातून एक महाकाय सिंहकासव येतं आणि आंगला तिसरीच विद्या देतं: मारायचं नाही, शक्ती काढून घ्यायची. आंगनं न मारण्याचा निर्णय घेतला याच्याशी माझं भांडण नाही. उलट, मारल्या गेलेल्या माणसांची शेवटची खूण त्यानं जपली याचा मला आदर आहे. पण ते उत्तर त्यानं मिळवलं नाही, त्याला दिलं गेलं. त्याचं मोल त्याच्याकडून वसूल झालं नाही.

‘फुलमेटल’चा नायक एडवर्ड एल्रिक, त्याच्या जगात पहिल्यापासून एकच नियम आहे: काही मिळवायचं तर तितक्याच मोलाचं काही द्यावं लागतं. आईला परत आणायला गेलेल्या दोघा भावांपैकी एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं सगळं शरीर. त्याचा आत्मा तरी राहावा म्हणून एडवर्ड हातही देतो. चौसष्ट भागांच्या अखेरीला भावाला परत आणायची वेळ येते, तेव्हा एडवर्ड आपली किमया, वस्तूंचं रूप बदलायची विद्या, देतो. जिच्या जोरावर तो एडवर्ड होता, तीच. यापुढं तो साधा माणूस. हात परत मिळाला तरी डावा पाय शेवटपर्यंत पोलादीच राहतो. कोणतंही कासव येत नाही. आणि मग स्टेशनवर तो बालमैत्रीण विनरीला त्याच हिशेबी भाषेत लग्नाचं विचारतो, माझं अर्धं आयुष्य तू घे, तुझं अर्धं मला दे. ती म्हणते, अर्धं कशाला, सगळंच देते. ज्या नियमानं सगळी गोष्ट चालली, तो तिथं एका मुलीच्या एका वाक्यानं मोडतो. तो मोडायचा अधिकार गोष्टीनं किंमत मोजून मिळवलेला असतो.

पण असा शेवट अमेरिकेत होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्याला मी त्याच ‘अवतार’मधला एक प्रसंग दाखवीन. ज्या इरोह काकांना त्यांचा पुतण्या झुकोनं दगा दिला, त्यांच्या तंबूत तो पहाटेपर्यंत बसून राहतो. काका उठतात. तो माफी मागू लागतो आणि त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच ते त्याला ओढून मिठीत घेतात. त्या मिठीची किंमत झुकोनं तीन खंडांत चुकती केलेली आहे. पुरेसा वेळ आणि ठरलेला पल्ला मिळाला की तिथलेही लेखक हे करतात. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ संपवायचा निर्णय तर तिचा निर्माता ॲलेक्स हर्शनं स्वतःहून घेतला. मालिका लोकप्रिय होती, पण गोष्ट एका उन्हाळ्याच्या सुट्टीची होती आणि सुट्टी संपणारच. चाळीस भाग झाले, जुळी भावंडं तेरा वर्षांची झाली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बसमध्ये बसून घरी गेली.

आता अ‍ॅनिमेच्या बाजूचं पाप. तिथं मालिका काढायला अनेक कंपन्या मिळून एक निर्मिती समिती बनवतात. त्यांत पुस्तकाचा प्रकाशक असतो, गाण्यांची कंपनी असते, खेळणीवाला असतो. कित्येकदा बारा भागांची मालिका ही मांगाच्या खपासाठी केलेली जाहिरात असते. बाराव्या भागात नायक टेकडीवर उभा राहून क्षितिजाकडं बघतो, आणि पुढचं हवं असेल तर पुस्तक घ्या. मांगाच्या साप्ताहिकांत वाचकांच्या मतपत्रिकांवर गोष्टी बंद होतात, त्यांचे शेवट दोन-तीन प्रकरणांत कोंबले जातात. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’चा दुसरा सीझन २०२१ मध्ये आला, तेव्हा मूळ मांगा पुरी झालेली होती, शेवट लिहून तयार होता. तरी मधली मोठी प्रकरणं गाळली आणि अखेर काही चित्रांची माळ दाखवून गोष्ट गुंडाळली. लेखकाचा शेवट हाताशी असूनही तो दाखवायची इच्छा नसेल, तर मांगाची व्यवस्थाही काही वाचवू शकत नाही.

आणि लेखकालाच शेवट सापडत नसेल तर? हिदेआकी अन्नो यांनी ‘इव्हान्गेलियन’ १९९६ मध्ये अशा दोन भागांनी संपवलं की युद्धाचं काय झालं हे सांगितलंच नाही, आपण सरळ नायक शिंजीच्या मनात शिरलो. १९९७ मध्ये चित्रपट काढून त्यांनी दुसरा शेवट दिला, भीषण आणि निराश. मग २००७ पासून चार चित्रपट, आणि त्यांतला शेवटचा २०२१ च्या मार्चमध्ये. त्याचं अखेरचं दृश्य खऱ्या उबे-शिनकावा स्टेशनचं आहे, अन्नो यांच्या स्वतःच्या गावचं. शिंजी मोठा झाला आहे आणि हात धरून स्टेशनाबाहेर धावत सुटतो. पंचवीस वर्षांत एका माणसानं एकच गोष्ट तीनदा संपवली. कोणी याला पैशांसाठी दळलेलं दळण म्हणेल. मला त्यात एक माणूस बरा होताना दिसतो, आणि त्याला तेवढी संधी मिळाली याचा आनंद वाटतो. त्याच्याकडं गोष्ट होती म्हणून ती मिळाली.

शेवट म्हणजे लढाई जिंकणं, ही समजूतही अ‍ॅनिमेनं मोडली आहे, आणि हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. महाभारताची अठरा पर्वं. त्यांतलं युद्ध दहाव्या पर्वापर्यंत संपतं. उरलेल्या आठ पर्वांत विधवांचा आक्रोश आहे, शरशय्येवरचा भीष्म आहे, यादवांचा नाश आहे, आणि एकेक करून वाटेत पडणारे पांडव आहेत. व्यासांना विजय हा शेवट वाटला नाही. २०२३ मध्ये आलेली ‘फ्रीरेन’ नेमकी त्याच जागेवरून सुरू होते. दहा वर्षांचा प्रवास करून, असुरराजाला मारून चौघं गावी परतले आहेत. फ्रीरेन एल्फ आहे, हजार वर्षांहून जास्त जगलेली. तिला ती दहा वर्षं म्हणजे काल-परवा. पन्नास वर्षांनी ती परत येते तेव्हा त्या चौघांतला हिमेल म्हातारा झालेला असतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. त्याच्या अंत्ययात्रेत तिला रडू फुटतं, या माणसाला मी ओळखूनच घेतलं नाही म्हणून. सगळी मालिका त्या रडण्यातून निघते.

हे सगळं प्रेक्षकांच्या आवडीनिवडीपुरतं राहिलं असतं, तर मी लेख लिहिला नसता. पण स्ट्रीमिंग आल्यापासून प्रश्न चिघळला आहे. ‘इन्फिनिटी ट्रेन’ आठ सीझनांची म्हणून आखली होती. चार झाले आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये एचबीओ मॅक्सनं ते चारही काढून टाकले. शेवट नाहीच, आता सुरुवातही नाही. माणसांनी वर्षानुवर्षं काढलेली चित्रं एका सकाळी पडद्यावरून पुसली गेली. ‘द आउल हाउस’चा तिसरा सीझन डिझ्नीनं तीन लांब भागांवर आणला. निर्माती डेना टेरेस आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या तीन भागांत गोष्ट पुरी केली; २०२३ च्या एप्रिलमध्ये ती संपली. धावत संपली, धाप लागलेली ऐकू येते, पण संपली. आणि ‘बोजॅक हॉर्समन’च्या लेखकांना नेटफ्लिक्सनं आधी सांगितलं की सहावा सीझन शेवटचा. त्यांना कदाचित आणखी दोन वर्षं हवी होती. पण सांगितलं होतं, म्हणून २०२० च्या जानेवारीत आपल्याला ते गच्चीवरचं संभाषण मिळालं. बोजॅक आणि त्याची मैत्रीण डायन, बहुधा शेवटचे भेटत आहेत हे दोघांना कळतं, आणि बोलण्यासारखं काही उरत नाही तरी दोघं तिथंच बसून राहतात.

या तीन उदाहरणांतला फरक पैशांचा कमी आणि पूर्वसूचनेचा जास्त आहे. म्हणून माझी मागणी लहान आहे. जी कंपनी सलग गोष्ट विकत घेते, तिनं ती बंद करायचा हक्क जरूर ठेवावा. तोटा सोसून मालिका चालवा असं कोणी म्हणत नाही. पण करारातच एवढं असावं की बंद करण्याआधी निर्मात्याला सांगितलं जाईल आणि गोष्ट मिटवण्यापुरते भाग मिळतील, मग ते तीन असोत की एक. तेही शक्य नसेल, तर गोष्टीचा हक्क ज्यानं ती रचली त्याला परत द्यावा, म्हणजे तो ती पुस्तकात तरी पुरी करील. ही तरतूद लेखकांच्या आणि चित्रकारांच्या संघटनांनी मागावी आणि आपण, पैसे भरून बघणाऱ्यांनी, त्यांच्या बाजूनं बोलावं. भारतात आता अ‍ॅनिमेशनचं काम वाढतं आहे, पुण्या-मुंबईतही मुलंमुली हे शिकून बाहेर पडत आहेत. उद्या ती स्वतःच्या गोष्टी घेऊन कोणाच्या दारात जातील, तेव्हा त्यांच्या हातातल्या करारात हे कलम असावं.

‘बर्सर्क’ची १९९७ ची मालिका पंचवीस भागांनंतर सगळ्यांत काळ्या रात्रीच्या मधोमध तोडलेली आहे. नायक गट्सचे सोबती मारले जात आहेत, त्याचा डोळा जातो आहे, आणि तिथंच पडदा पडतो. ज्यांना पुढचं हवं होतं ते मांगाकडं गेले आणि वर्षानुवर्षं वाट बघत राहिले. २०२१ च्या मे महिन्यात त्या मांगाचे कर्ते केंतारो मिउरा वारले, गोष्ट अपुरी ठेवून. पण जवळपास तीस वर्षांपूर्वी त्यांनी आपला शाळेपासूनचा मित्र, मांगाकार कोजी मोरी, याला बसवून पुढची सगळी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली होती. २०२२ च्या जूनपासून मिउरांच्या स्टुडिओतले त्यांचे सहायक ती गोष्ट काढत आहेत आणि शेजारी मोरी आहेत. त्यांनी वाचकांना लिहून कळवलं आहे की मिउरांनी जेवढं सांगितलं तेवढंच येईल. मला जे नीट आठवत नाही ते मी घालणार नाही, माझ्या मनाची भर घालणार नाही.